तीन महिन्यांचा पियानो

श्री. नामदेवराव बिडगर यांचे मला झालेले पहिले दर्शन गुडघ्यापासून खालचे होते. बाकीचे नामदेवराव आमच्या शाळेच्या सभागृहातील पियानोत होते.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. गारखेड्यातील आमच्या मुलींच्या शाळेत त्या दिवशी पाचवीची पालकसभा होती. मी मुख्याध्यापिका होते. सभा वर्गांत चालू होत्या आणि सभागृह बंद असायला हवे होते. ते उघडे दिसले म्हणून मी आत गेले, तर पियानोची खालची फळी काढून भिंतीला टेकवलेली आणि आतून दोन पाय बाहेर आलेले. एका पायात मोजा होता, दुसऱ्यात नव्हता. शेजारी आमच्या संगीत शिक्षिका ग्रेस टीचर टॉर्च धरून उभ्या होत्या. मला पाहताच त्यांनी टॉर्च बंद केला, जणू त्यामुळे मला पाय दिसणार नव्हते.

“बाहेर या,” मी म्हणाले. “कोण आपण?”

“पालक हाय मॅडम,” पियानोतून उत्तर आले. “पाचवी ब.”

“पाचवी ब वरच्या मजल्यावर आहे.”

“व्हय, तिकडंच निगालो व्हतो. पन ह्या बाई वाजवीत व्हत्या. मधीच पेटी वाजायची, मधीच बाई वाजायच्या. म्हन्लं, हे कामून आसं? बघावं.”

त्यांचे निरीक्षण अचूक होते. तो पियानो लष्करी छावणीतून घर हलवणाऱ्या एका कुटुंबाने फार पूर्वी शाळेला दिला होता आणि त्याच्या अकरा पट्ट्या मुक्या होत्या. त्या अकरा पट्ट्यांचे सूर ग्रेस टीचर तोंडाने म्हणत. दोन्ही हात पियानोवर, आणि मधूनच एक स्वच्छ, उंच “आ”. प्रार्थनेत असे तीन ‘आ’ येत, स्वागतगीतात पाच. आमच्या मुलींना पियानो असाच वाजवतात असे वाटे. एका माजी विद्यार्थिनीने पुण्यात मोठा कार्यक्रम ऐकला आणि परत येऊन टीचरांना सांगितले, “वाजवणारे चांगले होते, पण त्यांना मधले म्हणता येत नव्हते.”

नामदेवराव बाहेर आले, उभे राहिले, आणि नमस्कार करण्याआधी त्यांनी पियानोतून निघालेल्या वस्तू एका ओळीत माझ्यापुढे मांडल्या. केसांच्या पिना, चिंचोके, एक कर्कटक, उंदराचे घर आणि पंचवीसपैकी चार गुण मिळालेली गणिताची एक घडी घातलेली उत्तरपत्रिका. गुणांखाली माझी सही होती. ती विद्यार्थिनी आज शहरातील नामवंत भूलतज्ज्ञ आहे. तिचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण ती हा गौरवग्रंथ वाचणार आहे.

पुढचे चार रविवार ते येत राहिले. पाचव्या रविवारी त्यांनी निदान सांगितले.

“मॅडम, हे आता उठत नाय. तारा ताणायच्या खुंट्या ज्या लाकडात बसतेत, ते उभं चिरलंय. आपल्या उन्हाळ्यानं खाल्लं त्याला.”

“मग?”

“नवा करतो की.”

“पियानो?”

“व्हय.”

“किती दिवसांत?”

“तीन महिने.”

तोवर एकोणतीस वर्षे मुलींच्या सबबी ऐकलेली मी, या वाक्यावर विश्वास ठेवला. इतकेच नव्हे, तिथल्या तिथे ग्रेस टीचरांना शब्दही देऊन बसले, “टीचर, तुम्ही निवृत्त होण्यापूर्वी या सभागृहात एकदा तरी तोंड बंद ठेवून पियानो वाजवाल.”

मी स्वतः चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. ग्रेस टीचर या मेअखेर निवृत्त होत आहेत. पियानो आलेला नाही. नामदेवरावांच्या पंच्याहत्तरीनिमित्त गौरवग्रंथ काढायचे ठरले आणि मला लेख मागितला गेला, तेव्हा तो मी याच जाणिवेने लिहायला घेतला. वाचकांनीही ती बाळगावी.

नामदेवरावांचा जन्म वैजापूर तालुक्यातील एका मेंढपाळ घरात झाला. सातवीनंतर ते वडिलांच्या मेंढ्यांमागे हिंडत असत. हिंडताना चाकूने लाकडे कोरीत. एका मास्तरांनी ती कोरलेली मेंढरे पाहिली आणि त्यांना सुतारकाम शिकायला शहरात धाडले. तेथून ते वाळूजच्या एका ओतकाम कारखान्यात पॅटर्न मेकर झाले. हा धंदा फार थोड्यांना ठाऊक असतो, म्हणून सांगते. लोखंडाची वस्तू ओतायची तर आधी तिची हुबेहूब लाकडी प्रतिकृती करावी लागते. ती वाळूत दाबायची, काढून घ्यायची आणि उरलेल्या पोकळीत वितळलेले लोखंड ओतायचे. लोखंडाचे कौतुक सगळे करतात. लाकडाची प्रतिकृती मांडणीवर धूळ खाते. नामदेवरावांनी ही कामे चौतीस वर्षे केली आणि एकदाही स्वतःचे नाव कोठे कोरले नाही.

यात एक अडचण असते. ओतलेले लोखंड थंड होताना आटते. म्हणून प्रतिकृती थोडी मोठी करावी लागते. दर वेळी आकडेमोड नको म्हणून पॅटर्न मेकरकडे एक खास पोलादी पट्टी असते. तिच्यावरचा मीटर खऱ्या मीटरपेक्षा बोटभर मोठा. नामदेवरावांच्या खिशात ही पट्टी असे, आणि माझा तर्क आहे की त्यांचे महिनेही ते त्याच पट्टीने मोजत.

पियानो कसा करतात हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. आमचा मेलेला पियानो हेच त्यांचे पाठ्यपुस्तक. तो त्यांनी बजाजनगरच्या आपल्या घरी नेला आणि स्क्रू न् स्क्रू सुटा केला. एकेका पट्टीमागे लाकूड, चामडे आणि लोकर यांचे डझनावारी बारके तुकडे असतात. प्रत्येकाला चिठ्ठी बांधून ते त्यांनी मांडले. पुढे आठ महिने घरात जेवणाचे ताट ठेवायला जागा नव्हती. त्यांच्या पत्नी कौसाबाई, म्हणजे आम्हा सर्वांच्या कौसावहिनी, मला म्हणाल्या, “मॅडम, आधी मेंढरं राखली, मंग मानूस राखला, आता हे राखते. हे तर चरायला बी जात नाय.”

पियानोच्या पोटात एक ओतीव लोखंडी चौकट असते. सगळ्या तारांचा मिळून ताण भरलेल्या ट्रकएवढा असतो आणि तो ही चौकट पेलते. ती करणे नामदेवरावांच्या हातचे होते. तरीही पहिली चौकट थंड होताना तडकली, दुसरीत बुडबुडा निघाला. दुसरी मला दाखवली तेव्हा मला तो बुडबुडा दिसलाच नाही. मी म्हणाले, “झाकला जाईल.” त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने मी आयुष्यभर कॉपी करणाऱ्या मुलींकडे पाहत आले आहे. तिसरी चौकट घरी आली तेव्हा सहा निवृत्त सहकाऱ्यांनी ती उचलली होती. कौसावहिनींनी तिला हळदकुंकू लावले आणि मगच उंबऱ्याच्या आत घेतले.

तारांचा आवाज मोठा करते ती पातळ लाकडी फळी, साउंडबोर्ड. तिला थंड मुलखात सावकाश वाढलेल्या झाडाचे लाकूड लागते. ते आपल्याकडे कोठून येणार? नामदेवरावांना ते भंगारात सापडले. वाळूजला परदेशातून यंत्रे येतात ती लाकडी खोक्यांत. यंत्रे कारखान्यात जातात, खोकी भंगारवाल्याकडे. नामदेवराव रोज सकाळी भंगारवाल्याकडे जाऊन एकेक फळी कानाशी धरीत, बोटाच्या पेराने ठोकीत आणि परत ठेवीत. तिसऱ्या दिवशी भंगारवाल्याला राहवले नाही.

“चाचा, लकडी से बातां कर रै क्या?”

“मी नाय करीत,” नामदेवराव म्हणाले. “ती बोलंल म्हून थांबलोय.”

सुमारे चारशे फळ्यांपैकी नऊ बोलल्या. त्या दोन वर्षे कौसावहिनींच्या पलंगाखाली वाळत होत्या. आज तुम्ही त्या पियानोच्या मागे गेलात तर साउंडबोर्डवर एक वर जाणारा बाण आणि एक उघडी छत्री छापलेली दिसेल. ही बाजू वर ठेवा, पावसापासून जपा. मी ते घासून काढायला सुचवले. ते म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. खरं तेच लिवलंय.”

आता लोकरीचे सांगते. पट्टी दाबली की आत एक लाकडी हातोडी उठते आणि तारेवर आपटते. त्या हातोडीच्या डोक्यावर लोकरीचा घट्ट थापलेला थर असतो. तो फार मऊ झाला तर आवाज झोपतो, फार कडक झाला तर पत्र्यासारखा वाजतो. परदेशी लोकर मागवण्याचा विचार नामदेवराव करीत होते. तो बोलून दाखवण्याची चूक त्यांनी जेवताना केली.

“मेंढपाळाच्या घरात भायेरची लोकर?” कौसावहिनी म्हणाल्या. “माझा भाव काय मेलाय?”

वहिनींच्या माहेरी लोकर पिंजून, थरावर थर घालून, गरम पाणी शिंपडून, गुंडाळून तासन् तास लाटून अंथरायचे जेन करीत. विणायचे नाही, फक्त थापायचे. वहिनींनी तेच केले. कोकरांची पहिली कातरण तेवढी घेतली. सोळा वेळा केले, पंधरा वेळा फेकले. हातोड्या बसल्यावर आवाज मऊ करायला लोकरीत सुया टोचाव्या लागतात. ते कामही वहिनींनी गोधडीच्या सुईने केले. नामदेवराव कानाने सांगत, “अजून एक टोचा,” आणि वहिनी म्हणत, “तुमालाच टोचते.” या पियानोचा अर्धा गौरव त्यांचा आहे. हे मी गौरव समितीला कळवले होते. निमंत्रणपत्रिकेत ते आलेले नाही, म्हणून येथे नोंदवते.

त्या लोकरीमुळे जे झाले त्यात चूक माझी होती. हातोड्या बसल्या म्हणून नामदेवरावांनी संस्थेच्या अध्यक्षांना, ग्रेस टीचरांना आणि मला घरी बोलावले. मे महिना होता. खोलीत एक कूलर होता आणि त्याचे तोंड आम्हा पाहुण्यांकडे होते. इतके नाजूक वाद्य उकाड्यात ठेवणे मला पटेना. मी कूलर पियानोकडे वळवायला सांगितले. वहिनी म्हणाल्या, “मॅडम, नका.” मी म्हणाले, “वहिनी, मला कळते.”

अर्ध्या तासाने खोलीत वास सुटला. आधी मंद, मग निश्चित. पावसात भिजलेल्या मेंढ्यांचा कळप दारात उभा असावा असा. अध्यक्षांनी हळूच एक बूट उलटा करून पाहिला, मग दुसरा, मग माझ्या चपलांकडे पाहिले. ग्रेस टीचरांनी खिडकी उघडली. नामदेवराव बोटाने उठवून दाखवत होते त्या ओलसर हातोड्यांतून सूर उशीवर थापटल्यासारखे येऊ लागले. शेवटी कौसावहिनींनी खोल श्वास घेतला आणि अभिमानाने म्हणाल्या, “माझ्या भावाच्याच मेंढ्या. वळखलं मी.”

नामदेवरावांनी कूलर बंद केला आणि सगळी लोकर उतरवून पुन्हा रिठ्याच्या पाण्यात धुतली. आता वास येत नाही. भर पावसाळ्यात थोडा येतो, पण तेव्हा शहरात सगळ्यालाच कसला ना कसला वास येतो.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी पियानो पूर्ण झाला, असे आम्हाला वाटले. काळ्या पट्ट्या शिसवीच्या, हाताला रेशमासारख्या. ग्रेस टीचर नवी साडी नेसून आल्या होत्या. त्यांनी वाजवायला सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीत चुकल्या. पुन्हा सुरुवात केली. हात जवळ होते तोवर ठीक, लांब गेला की शेजारच्या पट्टीवर. तीन वेळा असे झाले. चौथ्या वेळी त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि हळूच मला म्हणाल्या, “बाई, माझे हात गेले.”

मी गणिताची शिक्षिका आहे. माणसावर शंका घेण्याआधी मापावर घ्यावी हे मला ठाऊक आहे. माझ्या पर्समध्ये सहा इंची पट्टी असतेच. मी एक सप्तक दोन टप्प्यांत मोजले. मग जुन्या पियानोचे मोजले. फरक दीड मिलीमीटरच्या वर होता. सगळ्या पट्ट्या मिळून बारा.

मी माझी पट्टी टेबलावर ठेवली. नामदेवरावांनी खिशातली त्यांची काढून तिच्या शेजारी ठेवली. दोन्ही पट्ट्यांवरचे शून्य जुळत होते. पुढचे काहीच जुळत नव्हते.

“लोखंड आटतं,” ते म्हणाले. “लाकूड नाय आटत. जुन्याचं माप साध्या पट्टीनं घेतलं, कापलं ह्या पट्टीनं. चौतीस वर्सं हात लोखंडासाठीच मापत व्हता, मॅडम.” मापात बसेनात म्हणून पट्ट्यांची मागची टोके हळूहळू तिरपी करून त्यांनी त्या तारांशी जुळवूनही घेतल्या होत्या. त्यामुळे चूक इतके दिवस दडून राहिली.

दारात उभ्या असलेल्या कौसावहिनी आत आल्या. दोन्ही पट्ट्यांकडे त्यांनी नीट पाहिले. “म्हंजी माझ्या सैपाकघरातल्या एका बी कपाटाचं दार लागत नाय, ते ह्याच्यापायी?”

ग्रेस टीचर घाईने म्हणाल्या, “सर, राहू द्या हो. एवढाच फरक आहे. मी सवय करून घेईन.”

नामदेवराव म्हणाले, “तुमचा हात तीस वर्सांत जे शिकला, ते माझ्या पट्टीपायी इसरायचं? नाय टीचर.” आणि त्यांनी त्याच दुपारी सगळ्या पट्ट्या काढल्या. नव्या करायला दोन वर्षे लागली. माझी सहा इंची पट्टी त्यांनी त्या दिवशी नेली ती अद्याप परत केलेली नाही.

यावरून कोणी समजेल की नामदेवराव संथ गृहस्थ आहेत. तसे नाही. त्या वर्षी माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी ते दवाखान्यात शिसवीची काठी घेऊन हजर होते. अगदी माझ्या उंचीची, माझ्याच पट्टीने मापलेली. टोकाला रबराऐवजी त्यांनी पियानोच्या हातोडीची लोकर बसवली होती. तिच्यामुळे काठीचा जरासुद्धा आवाज होत नसे. शाळेच्या व्हरांड्यात मुलींना माझी चाहूल लागणे बंद झाले. नोकरीच्या त्या शेवटच्या काही महिन्यांत मी जितक्या मुलींना मधल्या सुट्टीनंतर मैदानावर पकडले, तितक्या त्याआधीच्या पाच वर्षांत पकडल्या नव्हत्या. मुलींचे एक शिष्टमंडळ ग्रेस टीचरांकडे तक्रार घेऊन गेले होते. इतकी विचारपूर्वक दिलेली भेट मला दुसरी मिळालेली नाही.

नव्या पट्ट्या बसल्या त्यालाही आता दोन वर्षे झाली. तरी पियानो येईना. विचारले की एकच उत्तर, “थोडं राहिलंय.” ज्या नातीच्या पालकसभेला ते आले होते, ती आता अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात मी ग्रेस टीचरांना घेऊन बजाजनगरला गेले. सरळ बोलायचे ठरवून गेले होते.

“नामदेवराव, काय राहिले आहे?”

“वरच्या चार पट्ट्या, मॅडम. एकदम उजव्या हाताच्या. मुक्या हायत. धा-बारा वेळा हातोड्या बदलल्या, तारा बदलल्या. लाकूड वाजतंय नुस्तं.”

“माझी लोकर संपली,” वहिनी म्हणाल्या. “आता मी माहेरी गेले की भाव मेंढ्या लपवतो.”

ग्रेस टीचर बसल्या. त्यांनी सगळ्यात वरची पट्टी दाबली. मग तिच्या अलीकडची. चारही. बारीक, स्वच्छ, काचेवर थेंब पडावा तसे चार सूर खोलीत आले आणि विरले.

नामदेवराव मान तिरपी करून ऐकत होते. “बघा,” ते म्हणाले. “खट् खट्. दुसरं काय नाय.”

ग्रेस टीचरांनी माझ्याकडे पाहिले. मी वहिनींकडे पाहिले. वहिनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. तिथे एकाही कपाटाचे दार लागलेले नव्हते.

“मला ठावं हाय, मॅडम. दोन साल झालं. कुकरची शिट्टी बी ऐकू येत नाय त्यास्नी. कारखान्याच्या आवाजानं गेला कान. पन सांगू कसं? कान गेला म्हन्लं तर पियानो बी सोडून देत्याल. म्हून आपली लोकर थापत बसले.”

मी आयुष्यात हजारो मुलींना त्यांचे गुण तोंडावर सांगितले. त्यात मला कधी अडचण आली नाही. त्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीपर्यंतची सात पावले मला लांब वाटली. काठीचा आवाज येत नव्हता, त्यामुळे नामदेवरावांना मी जवळ आले ते कळलेही नाही.

“नामदेवराव,” मी म्हणाले, “पियानो पास झाला आहे. तुमचे कान चार गुणांनी नापास आहेत.”

हातातल्या रुमालाची त्यांनी घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

“दोन वर्सं नुस्त्या हातोड्याच बदलत बसलो?” त्यांनी विचारले.

“दोन वर्षे.”

“कौसा, तुला व्हतं म्हाईत?”

“मला तुमचं काय म्हाईत नसतंय?”

नामदेवराव उठले, पियानोच्या मागे गेले आणि साउंडबोर्डवर, त्या छापलेल्या छत्रीच्या वरच्या बाजूला, त्यांनी अंगठा टेकवला. “वाजवा, टीचर.”

टीचरांनी वरची पट्टी दाबली. नामदेवरावांचा अंगठा तसाच होता. चेहरा मात्र हलला. “येतंय,” ते म्हणाले. “बारीक मुंगी चालल्यावानी. पुन्यांदा वाजवा.”

टीचरांनी पुन्हा वाजवले, आणि या वेळी वाजवता वाजवता त्या चारही सूर तोंडाने म्हणाल्या. ते सूर इतके उंच असतात की माणसाचा गळा तिथवर जात नाही. म्हणून त्यांनी ते खूप खाली, नामदेवरावांच्या कानांना पोचतील अशा जागी आणून म्हटले. शाळेत या बाई वर्षानुवर्षे जे सूर पियानोत नव्हते ते म्हणत आल्या होत्या. आता सूर पियानोत होते, तरी त्यांना म्हणावे लागले. पण या वेळी त्यांनी ते ज्या आवाजात म्हटले तो आवाज मी आमच्या सभागृहात कधी ऐकला नव्हता.

“आसं व्हय,” नामदेवराव म्हणाले. “आसं बोलतेत व्हय ते.” त्यांचे डोळे भरले होते आणि ते पियानोवर वाकलेले होते.

“बाजूला व्हा आधी,” कौसावहिनी म्हणाल्या. “लोकर भिजंल.”

मग नामदेवराव सरळ झाले आणि अकरा वर्षांत प्रथमच म्हणाले, “झाला मंग.”

मी मोठ्या मुश्किलीने खुर्चीत बसले. तेवढ्यात त्यांची नजर पियानोच्या झाकणावर गेली.

“पॉलिशचा एक हात तेवढा राहिला,” ते म्हणाले.

“किती दिवस?”

“तीन…”

मी काठी उचलली.

“तीन दिस,” ते म्हणाले.

हे लिहीत असताना एकविसावा दिवस चालू आहे. मी वहिनींना रोज फोन करते. त्या म्हणतात, वास पॉलिशचाच येतो आहे, म्हणजे काम खरोखर चालू आहे. गौरव समारंभ ठरल्या दिवशी होईल. समितीने शाल, श्रीफळ आणि मानपत्र यांची व्यवस्था केली आहे. मी टेम्पो सांगितला आहे. तो समारंभाच्या सकाळी आठ वाजता बजाजनगरला पोचेल. चौकट उचलणारे सहा सहकारी येतील, आणि कूलर कोणीही कोणाकडे वळवणार नाही. संध्याकाळी आपण सभागृहात बसाल तेव्हा ग्रेस टीचर पियानोवर असतील. त्यांचे तोंड बंद असेल. कोणी पाणावलेले डोळे पुसू इच्छित असेल तर त्याने वाद्यापासून दूर बसावे.

अशा ग्रंथातील लेखाच्या अखेरीस सत्कारमूर्तींना दीर्घायुष्य चिंतायचे असते. माझीही तीच इच्छा आहे, पण अनुभवाने मला सावध केले आहे. या गृहस्थांना जितकी मुदत द्यावी तितकी ते पूर्ण वापरतात आणि वर थोडी मागतात. म्हणून माझ्या शुभेच्छा अटींसह आहेत. नामदेवरावांना कौसावहिनींसह निरोगी, कामात गर्क, भांडणांनी भरलेली शंभर वर्षे लाभोत. त्यांतली उरलेली पंचवीस पियानो सभागृहात टेकेल त्या क्षणापासून मोजायला सुरुवात व्हावी, त्याआधी नाही. वहिनींच्या कपाटांची दारे त्यांनी त्या पंचवीस वर्षांत दुरुस्त करावीत. माझी सहा इंची पट्टी परत करावी.

आणि ती पंचवीस वर्षे मोजताना मात्र माझी पट्टी वापरू नये. त्यांचीच वापरावी. ती थोडी मोठी भरते.